दलदलीतली होरियाची खोली

ब्राइला, ४ ऑक्टोबर

ती. स्मरांदाताईस,
धाकट्या तिबीचा सा. न. वि. वि.

खोके पोचवणाऱ्या नेलूची मिनीबस शुक्रवारी इटलीहून आली आणि तुझा खोका मिळाला. चीज, कॉफी, तुझ्या होरियाचं जॅकेट आणि माझे लोकरी मोजे, सगळं सुखरूप. एवढ्या लांबून माझ्या पायाचं माप तुझ्या ध्यानात कसं राहतं, देव जाणे. तुझे उपकार मोजायला बसलो तर माझा एकही संगणक पुरायचा नाही, म्हणून मोजत नाही, नुसते पायात घालतो.

होरिया बरा आहे. जेवतो.

आता मुख्य मुद्दा. ऑफिसात आलेली नवी पोरं प्रोग्राम लिहीतच नाहीत. यंत्राला सांगतात, यंत्र लिहून देतं. चालतो, नाही असं नाही. पण का चालतो म्हणून विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मी म्हटलं, बाबांनो, असं तर आपलं सरकारसुद्धा चालतं. उलट माझा ‘बाल्टा’ हा खेळ बघ. पंचविशीत लिहिला, एकेक ओळ हातानं, आणि इमारतीच्या कपडे वाळवणीच्या खोलीतल्या त्या जुन्या संगणकाच्या डब्यावर आजही बिनतक्रार चालतोय. चित्र नाही, आवाज नाही. समोर लिहिलेलं वाचायचं आणि ‘उत्तरेला जा’, ‘दिवा लाव’ असं टाइप करायचं, की नदीपलीकडच्या दलदलीत तुमची वाट सुरू. गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकून खेळणारी आमची पोरं आता डब्लिनला, सारागोसाला पांगली, पण रविवारी संध्याकाळी बाल्टात हजर. बाजारातल्या नव्या ऑनलाइन खेळांचं मला सांगू नकोस. तिथं पैसे भरले की तलवार मिळते. त्याला खेळ नाही, जकात नाका म्हणतात.

होरियाही रविवारी येतो. बाल्टात प्रत्येकाला स्वतःची एक खोली बांधता येते, त्याची लहानपणीच बांधून झाली आहे. तिथं जाऊन बसतो.

राजकारण म्हणशील तर ते आपल्या जिन्यापर्यंत पोचलंय. थंडीसाठी इमारतीला बाहेरून अस्तर लावणार, त्यात आमच्या वायरी कापणार, आणि वाळवणीची खोली रिकामी करा असा अग्लायाकाकूंचा हुकूम आहे. आपण शाळेत होतो तेव्हापासून ही बाई सोसायटीची अध्यक्ष! यंदा मीच उभा राहतोय. नोव्हेंबरात देशाची निवडणूक आहे, तूही तुरीनला जाऊन मत दे. होरियाचं पहिलंच मत, पण तो देणार नाही म्हणतो. म्हणाला, ज्या देशानं माझ्या आईला दुसऱ्याच्या आईची उशी सरळ करायला धाडलं, त्याला मी मत कशाला देऊ? मला राजकारणातलं एवढं कळतं, ताई, पण मी त्याच्या ताटात आणखी थोडं वाढलं.

माया आहे तशीच राहू दे, मोजे नाही आले तरी चालतील.

तुझा तिबी

•

कूनेओच्या वरचं डोंगरगाव, १९ ऑक्टोबर

चि. तिबेरिऊ यास,
स्मरांदाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. यंत्रावर इतकं, काकूंवर इतकं, आणि माझ्या मुलावर काय, तर बरा आहे, जेवतो! अरे, तो काय गोठ्यातला बैल आहे?

तुला सगळं ठाऊक असून तू असा लिहितोस. जूनमध्ये त्याच्या शाळेच्या निरोपसमारंभाला येते म्हणून मी शब्द दिला होता. निघायच्या आदल्या दिवशी, मी सांभाळते त्या सिन्योरा एर्सिलिया पडल्या, मांडीचं हाड मोडलं. नव्वदीच्या बाईला जमिनीवर टाकून कशी निघणार होते मी? पण पोरानं फुलं हातात घेऊन शाळेच्या फाटकाकडे बघत काढलेला तो दिवस मला पुसता येत नाही. तेव्हापासून तो फोनवर येत नाही. इथं रेंज फक्त स्मशानाच्या भिंतीपाशी येते. मी तिथं उभी राहून फोन लावते आणि तू म्हणतोस, अंघोळीला गेलाय. इतकी अंघोळ माझा मुलगा कधीपासून करायला लागला?

त्या चिखलातल्या खेळाचं कौतुक मला सांगू नकोस. सुट्टीवर आले होते तेव्हा एकदा वायर उपटली होती, आठवतं ना? पुन्हा उपटेन. पण आता लिहिलंच आहेस तर सांग, कसली खोली? काय करतो तिथं एकटा? किल्ल्या तुझ्याकडेच आहेत. एकदा डोकावून बघ आणि मला कळव. माझ्याशी बोलत नाही तर निदान तो कशात आहे ते तरी कळू दे.

रागावून लिहितेय, पण राग तुझ्यावर नाही. याचा बाप बारशाच्या आधीच पसार झाला. मी इथं आले तेव्हा पोर एवढंसं होतं. तू त्याचा अभ्यास घेतलास, ताप काढलास, शाळेच्या पालकसभांना आयांच्या रांगेत एकटा पुरुष बसलास. तुझ्या जिवावर मी इथं उभी आहे. हे एकदा नीट लिहायचं होतं, आज लिहिलं.

झाकुस्का केलीस का? वांगी नीट भाज, मिरच्यांची सालं काढ, आळस करू नकोस. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी ताई

•

ब्राइला, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातला तो परिच्छेद मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला आणि मग कांदा चिरायला घेतला, म्हणजे कुणी विचारायला नको.

होरियाच्या खोलीत मी डोकावणार नाही. रागव, पण ऐक. बाल्टा सुरू केला तेव्हा आम्ही पोरांनी एकच कायदा केला होता: ज्याच्या हाती सगळ्या किल्ल्या, त्यानं दुसऱ्याचं कुलूप उघडायचं नाही. सरकारांना मी जन्मभर ज्या कारणासाठी शिव्या घातल्या, तेच घरात करू? आणि ते करून तुला काय सांगू? पोरानं स्वतः दार लावलंय. उघडायचं तर त्यानंच, नाहीतर ज्याच्यासाठी लावलंय त्यानं. याहून जास्त मला विचारू नकोस.

आता माझी फजिती ऐक. बाल्टात एक राक्षसीण आहे, तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणतात. काठी मारते आणि तळघर राखते. रविवारी तिच्यावर चाल करायची ठरली. झाकुस्का ढवळता ढवळता, तेलकट बोटांनी, मी आमच्या टोळीला निरोप धाडला: “संध्याकाळी सातला सगळे जिन्यात. आवाज नको. आधी म्हातारीला घेरा, तिची काठी सांभाळा, मग तळघराचं दार फोडा. होरिया आगीचं बघेल.” आणि फोन बाजूला ठेवून पुन्हा ढवळत बसलो.

निरोप गेला होता सोसायटीच्या ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी सोसायटीचं मतदान!

सातला खरंच सगळे जिन्यात होते गं. मधोमध खुर्चीवर अग्लायाकाकू, हातात तीच काठी. बाजूला तळमजल्यावरचे निवृत्त ट्रामवाले आग विझवायचा डबा घेऊन, मागे सगळ्या विधवा, कुणाकडे लाटणं, कुणाकडे पोछा. काकू शांतपणे म्हणाल्या, “ये तिबी, घेर मला.”

मी सगळ्यांना वाळवणीच्या खोलीत नेलं आणि खेळ दाखवला. काकू चष्मा लावून पडद्यासमोर बसल्या. खेळ सुरू होतो तो आपल्याच जिन्यातून, हे तुला माहीत नसेल. तिसरी पायरी फुटलेली, कोबी शिजल्याचा वास, सगळं लिहिलंय. नदीवर गेलं की पेट्राखेकाका गळ टाकून बसलेले. काकूंचा नवरा. आम्हाला गच्चीची किल्ली त्यांनीच दिली होती, म्हणून तेव्हा मी त्यांना तिथं बसवलं. काका गेले, पण बाल्टातून मी त्यांना काढलं नाही. विचारलं की अजूनही म्हणतात, आज पाणी गढूळ आहे, उद्या ये. काकूंनी ते वाचलं, पुन्हा विचारलं, पुन्हा वाचलं. मग नाक पुसलं आणि म्हणाल्या, अस्तरवाल्यांना सांगते, या वायरींना नळी घाला, कापायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पडलो. मत मीसुद्धा त्यांनाच दिलं. लोकशाहीबद्दलची माझी मतं तशीच आहेत, पण त्या संध्याकाळी जी माणसं मला ठोकायला जमली होती, तीच जाताना भांडंभर झाकुस्का घेऊन गेली. असे शेजारी मिळायला भाग्य लागतं, एवढं कबूल.

काकू आता रोज बाल्टात असतात. सगळीकडे नाक खुपसतात. त्यांना माझा कायदा लागू नाही.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारा,
तिबी

•

ब्राइला, ११ नोव्हेंबर

चि. स्मरांदा हिस,
अग्लाया काकूचे अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. नेलूची बस निघायची घाई आहे म्हणून सरळ लिहिते.

तुझा भाऊ गुणी आहे, पण तत्त्वं गिळून बसलाय. तोंड उघडलं की ती बाहेर येतात आणि कामाची गोष्ट आत राहते. तू आलीस की माझ्यासमोर बसव त्याला, मी दोन शब्द ऐकवीन.

त्या खेळात पेट्राखेच्या डाव्या हाताला, वेताच्या झाडीत एक दार आहे. त्याच्यावर पाटी आहे: ‘हे दार फक्त स्मरांदाला उघडतं.’ मी ढकलून पाहिलं, काठीनं मारून पाहिलं. उघडलं नाही. तुझ्या पोराला जिन्यात गाठून विचारलं, हे कधी केलंस रे? मान खाली घालून म्हणाला, आई इटलीला गेली त्या वर्षी. इतकी वर्षं झाली गं पोरी. दर रविवारी तो आत जाऊन बसतो तो काय हवा खायला?

मतदानाला तू तुरीनला जाणार ना? शहरात रेंज असते. तुझा फोन साधा, तेव्हा कुणाचातरी मोठा फोन घे आणि खाली खेळाचा पत्ता लिहिलाय तिथं जा. नाव विचारलं की स्वतःचंच सांग. जिना उतर, नदीकडे जा, बेडकांना घाबरू नकोस. मी पेट्राखेजवळ उभी असेन. तशीही तिथंच असते.

आमच्या म्हातारपणाला तुमची आठवण पुरते, तेवढी ठेव.

अग्लाया

•

डोंगरगाव, ३ डिसेंबर

चि. तिबेरिऊ यास,
स्मरांदाचे अ. उ. आ.

आधी काकूंना सांग, मी त्यांचा हात हातात घेऊन आभार मानतेय. समोर असते तर पायाशीच बसले असते.

मतदानाच्या रविवारी सिन्योरांजवळ त्यांच्या भाचीला बसवून पहाटेच्या बसनं तुरीनला गेले. मतदानाची रांग रस्त्याच्या कोपऱ्यावरून वळून मागच्या गल्लीत गेली होती. सगळी आपलीच माणसं. कुणी थर्मासमधून कॉफी वाटत होतं, कुणी घरून कोबीच्या पानातले सरमाले आणले होते. माझ्यापुढं बोतोशानीची एक मुलगी होती, हॉटेलात भांडी घासते. काकूंचं पत्र तिला दाखवलं. तिनं वाचलं, काही विचारलं नाही, पत्ता घालून फोनच माझ्या हातात दिला.

मला कुठं येतं रे तुझं ते टाइप करायला! बेडकानं दोनदा चावलं. वेतात वाट चुकले. तू लिहिलेली ती फुटकी पायरी वाचून मात्र तिथंच रस्त्यात माझे डोळे भरले. एवढी वर्षं ज्याला चिखल म्हणत होते ते आपलं घरच होतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलंही असशील, मी ऐकलं नसेल. मग काकू आल्या, ‘माझ्या मागं ये’ म्हणाल्या आणि दारापाशी सोडून गेल्या.

मी माझं नाव लिहिलं. दार उघडलं.

आत काय होतं ते तुला सांगणार नाही. तुझाच कायदा आहे. फक्त एवढंच की होरिया आत होता. मी त्याचं नाव टाइप करत होते, तोच त्याच्याकडून अक्षरं आली:

“रांग मोठी आहे का?”

मी लिहिलं, खूप.

“मग बस. स्टूल ठेवलंय.”

बसले रे. माझा नंबर येईस्तोवर बसले. मध्ये त्यानं विचारलं, एवढं ताटकळून कशाला मत द्यायचं. मी लिहिलं, मला घरी परत यायचंय म्हणून. त्यावर पडद्यावर उमटलं, होरिया खोलीबाहेर गेला. बोतोशानीची मुलगी म्हणाली, रेंज गेली असेल. रेंज गेली नव्हती. संध्याकाळी आठ वाजता, मी तुरीनच्या बसथांब्यावर असताना, त्याचा फोन आला, खरा फोन, त्याच्या आवाजाचा. शाळेच्या फाटकातून बोलत होता, मतदान करून आलो म्हणाला. आवाज किती घोगरा झालाय त्याचा, आणि मला माहीतच नव्हतं.

तू दार उघडलं नाहीस, ते किती बरं झालं, तिबी. उघडून मला सांगितलं असतंस, तर मला फक्त बातमी मिळाली असती. तू ते माझ्यासाठी राखून ठेवलंस. तू वाढवलेला मुलगा तू मला तसाच्या तसा परत दिलास, याचं देणं मी कुठं फेडू?

नेलूबरोबर लोकर पाठवतेय. काकूंना शाल विणून घ्यायला सांग, वाळवणीच्या खोलीत गारठा असतो. आणि हो, पुढच्या पत्रात तू यंत्रांवर, खेळांवर, सरकारवर, हवी तितकी पानं लिही. मी सगळी वाचेन. होरियाचं काही लिहू नकोस. त्याचं तो स्वतःच सांगतो.

तुझी ताई