आईसाठी बोलावलंय

प्रिय आणि मानाने मोठ्या वन्संना,

वाकून नमस्कार. (गुडघा आता वाकू देत नाही, पण कागदावर वाकायला गुडघा लागत नाही, तेव्हा चांगली कमरेतून वाकले आहे असे समजावे.) तुमची कंबर, तुमचा रक्तदाब आणि तुमच्या डोक्यावरचे ते खुर्च्या ओढणारे बिऱ्हाड, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करते. आमचे बरे चालले आहे. तुमचे दादा गेल्याला सहा वर्षे होत आली, तरी मी चहा अजून दोन कप टाकते. दुसरा कप निवतो. पूर्वीही निवायचाच, कारण ते पेपरात डोके घालून बसायचे. फरक एवढाच की आता तो निवलेला मी पिते.

हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण माझे पत्र आले की तुम्ही आधी शेवट वाचता हे मला ठाऊक आहे. कृपा करून या वेळी सुरुवातीपासून वाचा.

विषय लेकीचा आहे. तुम्हाला तो आवडत नाही. "ती पडद्यावर तोंड दाखवते तोवर तिच्या दारात पाय ठेवणार नाही," असे तुम्ही म्हणालात आणि शब्द पाळलात. (तरी मालिकेत ती पावसात भिजली त्या संध्याकाळी तुमचा फोन आला होता. "काही नाही, सहज केला. तुमच्याकडे सगळ्यांचे केस कोरडे आहेत ना?" मी "आहेत" म्हटले आणि पुढे काही विचारले नाही. मलाही रीत कळते.)

तर तिच्या या धंद्याचे मला एवढ्या वर्षांत जे समजले ते असे. सुरुवातीला मुलगी नायिकेची मैत्रीण असते. तिचे काम खिडकीत उभे राहून "अगं, तो आला बघ!" एवढेच म्हणायचे. मग नशीब उघडले तर ती नायिका होते आणि रडते. आपली पावणेदोन वर्षे रोज रडली, जेवायच्या सुट्टीपर्यंत एकदा आणि सुट्टीनंतर एकदा. मग लग्न, मग बाळंतपण, आणि परत येऊन बघावे तो खिडकीत दुसरीच मुलगी उभी. तेव्हाचा नायक मात्र होता तिथेच आहे. तो आपल्या लेकीपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. आता किती मोठा आहे ते त्याचा केस रंगवणाराच जाणे, पण पडद्यावर तो बत्तिशीचा झाला आणि तिथेच बसला, एखादे घड्याळ बंद पडावे तसा.

गेले वर्षभर तिला कुणाचा फोन नव्हता. जावई बोटीवर, वर्षातून दोनदा घरी, म्हणून ती पिटुकलीला घेऊन माझ्याकडेच राहायला आली आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. मैत्रिणीच्या नवऱ्याची विम्याची कचेरी आहे, तिथे फोन घ्यायची नोकरी तिला मिळत होती. सोमवारी हो म्हणून सांगायचे होते. ती मला म्हणाली, "आई, फोनवर बोलायचं म्हणजे अभिनयच की." हे ती हसून म्हणाली, आणि तिचे खरे हसू व कामातले हसू यांतला फरक मला कळतो. नोकरीत वाईट काही नाही. पण आरशासमोर उभी राहून भांडणारी, मग दुसऱ्या बाजूला जाऊन स्वतःलाच उत्तर देणारी पोर मी वाढवली आहे. ती कचेरीत कुणाशी भांडणार?

आणि गुरुवारी फोन वाजला. ती पिटुकलीला अंघोळ घालत होती, म्हणून मी घेतला. पलीकडे कास्टिंगवाली होती. (कोणाला कुठले काम द्यायचे ते ही बाई ठरवते. आपल्याकडे लग्नात पंगत वाढायला कोण आणि नुसते मिरवायला कोण ते तुम्ही ठरवायचात, तसेच.) ती म्हणाली, "मॅडमना सांगा, उद्या आईसाठी बोलावलंय."

मी म्हटले, "आईच बोलतेय."

"नाही हो, आईसाठी."

"अहो, मीच आई!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग "बरं, दहाला या," म्हणून तिने फोन ठेवला. आता तुम्हीच सांगा, यात माझे काय चुकले? मला वाटले, माणसे सभ्य दिसतात. शाळेत पालकांना बोलावतात तसे काम देण्याआधी मुलीच्या आईला भेटू म्हणतात. मी लेकीला सांगितले, दोघींना बोलावले आहे. पिटुकलीला शेजारणीकडे सोडले (परत देताना ती "गोड आहे हो" म्हणाली, लोक "पुन्हा नको" म्हणतात त्या आवाजात) आणि आम्ही निघालो.

तिथे एक लांब बोळ होता आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बायका बसल्या होत्या. सगळ्या लेकीच्याच वयाच्या, एकीपेक्षा एक देखण्या. एक रंगभूषावाली ब्रश घेऊन प्रत्येकीच्या भांगाशेजारी पांढरा पट्टा ओढत पुढे सरकत होती, रस्त्यावर पट्टे मारतात तसा. पट्टा ओढला की बाई आई झाली. लेकीकडे आली तेव्हा लेकीने विचारले, "हे कशासाठी?" तर ती म्हणाली, "नायकाची आई ना तुम्ही?" तेवढ्यात नायक समोरून गेला. तोच, बत्तिशीचा. पावणेदोन वर्षे हिचा नवरा होता. हिला बघून तो थबकला, म्हणाला, "अरे, तू? आई का?" आणि त्याने चक्क माझ्याच तब्येतीची चौकशी केली.

लेक रागावलीही नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते. तिने पर्स उचलली आणि म्हणाली, "चल आई, घरी. सोमवारी त्यांना हो म्हणून टाकते."

"आई" हा शब्द त्या बोळात ऐकताच कास्टिंगवालीने दारातून डोके बाहेर काढले. "आई कोण?" मी सवयीने हात वर केला. ओळीतल्या साऱ्याजणींनी माझ्याकडे पाहिले, आणि मला आत नेण्यात आले.

आत दिग्दर्शिका होती. डोक्यावर टोपी, तोंडात पेन. (नंतर चहावर कळले की तीही पूर्वी नायिका होती. अठ्ठाविसाव्या वर्षी आईचे काम आले तेव्हा ती उठून कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "तिथे वय विचारत नाहीत," म्हणाली.) मी खुलासा करायला तोंड उघडले, तर तिने हातात कागद दिला. प्रसंग असा, की वडील गेले आहेत आणि आई मुलाला फोनवर कळवते. चष्मा मी घरी वाचनालयाच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवून आले होते. कागद हात लांब करून धरला तेव्हा एवढेच दिसले, "बाळा, मी उद्ध्वस्त झाले!" वन्सं, पुड्यांचे कागद वाचत वाचत मी वाचायला शिकले, त्यामुळे छापलेल्या शब्दाचा मला फार आदर आहे. पण मी सहा वर्षांत एकदाही उद्ध्वस्त म्हणाले नाही. गॅस बंद केला का ते बघायचे असते. दूध उतू जाते.

मुलाची वाक्ये म्हणायला कुणीतरी हवे होते. नायक केसांना रंग लावून बसला होता, म्हणून दारात उभ्या लेकीलाच कुणीतरी म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता का?" तिच्या हाती एक फोन दिला, माझ्या हाती एक. दोन्हींना तारा नव्हत्या.

कागदावरचे पुढचे एकही अक्षर मला लागेना. दिवे डोळ्यांवर. सगळे थांबलेले. तेव्हा फोन कानाला लावून माझ्या तोंडून जे आले ते आले.

"जेवलीस का गं?"

"नाही अजून," लेक म्हणाली. "का?"

"आधी जेवून घे."

"आई, काय झालं?"

"काही नाही. जेव आणि ये."

"बाबा?"

"हो."

बस, एवढेच. हे आमचे जुनेच बोलणे होते, त्या दुपारचे. तुम्हाला मी तेव्हा फक्त निरोप कळवला, हे सांगितले नव्हते. मग मी फोन ठेवला आणि माझा हात आपोआप गॅसचे बटण शोधायला गेला. तिथे नुसते टेबल होते.

दिग्दर्शिका "कट" म्हणायची विसरली. दिवेवाला शिडीवरून उतरून बाहेर गेला, आणि बोळात घरी फोन लावून "जेवलात का रे?" विचारताना मला स्पष्ट ऐकू आला. लेक त्यांच्याच कागदाला नाक पुसत होती.

दिग्दर्शिकेने तिला विचारले, "तुम्ही कशासाठी आला होतात?"

"आईसाठी."

"कुठल्या?"

"हिच्यासाठी," म्हणाली, आणि या वेळी हसली ते खरे हसू होते.

पुढचे थोडक्यात. त्या गोष्टीत नायकाला एक थोरली बहीण होती, तिचे काम ट्रे आणायचे आणि ट्रे न्यायचे. दिग्दर्शिकेने लेखकाला बोलावले आणि सांगितले, ट्रे काढ. आता फोन बहिणीला येतो, आणि वडिलांचा छापखाना तीच चालवते. वय छत्तीस, आणि तिने छत्तीसचीच दिसायचे. नायक कुरकुरेल असे वाटले होते, पण आपण धाकटा भाऊ होणार म्हटल्यावर तो आणखीच तरुण झाला. वाहिनीच्या लोकांनी ते रेकॉर्डिंग पाहिले आणि निरोप पाठवला, बहीण हीच हवी, पण आईही हीच हवी. दोघी नाहीत तर एकही नाही. सोमवारी विम्याच्या कचेरीत लेकीने फोन केला तो नाही म्हणून सांगायला. सकाळपासून न्हाणीघरात गाते आहे. सूर तुमच्या घराण्याचा आहे, तेव्हा मी काही बोलत नाही.

मालिका किती चालेल देव जाणे, पण छापखाना आता उघडला आहे. गुडघा जपते आहे, तुम्ही कंबर जपा, आणि वरच्या मजल्यावर माझ्यातर्फे एकदा काठी ठोका.

तुमची,
वहिनी
(वय सासष्ट, नवोदित अभिनेत्री)

ता. क. आम्ही दोघी कामावर गेलो की पिटुकलीपाशी कुणी नाही. शेजारीण हल्ली दाराला आतून कडी घालते. तुम्ही आलात तर खिडकीकडचा पलंग तुमचा. तुमचा शब्द मोडत नाही, हे मी नीट तपासले आहे. तुम्ही "तिच्या दारात" म्हणाला होतात. दार माझे आहे.

ता. क. दुसरा. गोष्टीत एक आत्या आहे. तोंडाने फटकळ, भाचीशी बोलत नाही, पण भाची भिजून आली की टॉवेल घेऊन तीच आधी उभी. दिग्दर्शिका विचारत होती, अशी कुणी माहितीत आहे का. मी म्हटले आहे खरी, पण ती असल्या कामांना नावे ठेवते. तरी "आत्यासाठी बोलावलंय" असा फोन आला तर चुकीचा नंबर म्हणून ठेवू नका. (मग पिटुकलीला कोण बघणार, ते आपण तिघी मिळून बघू.)

ता. क. शेवटचा. निघाल तेव्हा घरून जेवून निघू नका. दारात आल्यावर मला काहीतरी विचारायचे आहे.