छापलेला शेवट

माधवनगर, उज्जैन
१८ जुलै १९५६

ती. सुधाकरमामांस जयूचा सा. न. वि. वि.

सोबत कथा पाठवते आहे. मामा म्हणून नको, दिवाळी अंकाचे संपादक म्हणून वाचा. शंभर वर्षांनंतरचं एक नगर आहे. सोळावं लागलं की मुलांनी दफ्तरात जायचं, साहेब हातावर शिक्का मारणार, आणि शिक्क्यात असेल तेच काम जन्मभर करायचं. माझी अलका शिक्का घेत नाही. मुलं जमवते, दफ्तर ताब्यात घेते. आणि शेवटी तिचाच जिवलग विनायक त्या खुर्चीत बसतो, शिक्का उचलतो, पुढच्या मुलाला हाक मारतो. अलका एकटी बाहेर पडते.

इकडे सगळं अधांतरी आहे. नोव्हेंबरात मध्यभारत राज्यच जाणार, दफ्तरं भोपाळला हलणार. नानांचं नाव बदलीच्या यादीत आलं तर माझं कॉलेज सुटलंच. आई दिवसातून तीनदा विचारते, नाना तीनदा माहीत नाही म्हणतात. मला घरात बसवत नाही. रामघाटापर्यंत चालत जाते आणि परत येते. कथा त्याच फेऱ्यांत सुचली.

मायेवर हक्क सांगणारी,
जयू

पुणे, ३ ऑगस्ट

चि. जयूस अनेक आशीर्वाद.

कथा एका बैठकीत वाचली. कचेरीला दफ्तर म्हणणं उज्जैनकरांनाच सुचावं. पुण्यात दफ्तर पोरांच्या पाठीवर असतं. ते तसंच ठेवतो. शेवट मात्र बदलला आहे. विनायक शिक्का नदीत फेकतो आणि सारी मुलं नाचतात. अगं, स्वराज्याला नऊ वर्षं होताहेत, आपला अंक शाळाशाळांतून जातो. पोरांच्या हातात निराशा कशी देऊ? रागावू नकोस. मामी मेतकूट पाठवते आहे.

तुझा,
सुधाकरमामा

उज्जैन, ९ ऑगस्ट

ती. मामांस सा. न. वि. वि.

आज नऊ ऑगस्ट, मुद्दाम आजच लिहिते. बेचाळीस साली तुम्ही अकरा महिने तुरुंगात होता. ते ऐकत मी मोठी झाले. तेव्हा कुणी तुम्हाला जरा गोड बोलायला सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत? अलका नाचणार नाही. माझा शेवट छापायचा नसेल तर कथा परत पाठवा. तुम्ही कुणाला तरी भिता असं मला पहिल्यांदाच वाटलं, आणि त्याचं फार वाईट वाटलं.

मेतकूट पोचलं. छान आहे.

रागावलेली, तरी तुमचीच,
जयू

पुणे, २२ ऑक्टोबर

चि. जयूस अनेक आशीर्वाद.

अंक पाठवला आहे. शेवट तुझाच आहे. तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो. आधी चिडलो, मग कबूल करावं लागलं. शाळांसाठी अंक घेण्याचा हुकूम ज्याच्या सहीने निघतो, तो माझा तुरुंगातला सोबती. विनायकच्या जागी आधी तो दिसला, मग मी दिसलो. पोरांचं नुसतं निमित्त होतं. यंदा हुकूम न आला तर न येवो. तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त धीर आहे, तो सांभाळ.

तुझ्याकडून शिकणारा,
मामा

उज्जैन, ६ नोव्हेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

परवा रविवारी फ्रीगंजात इथल्या मराठी मंडळाचं दिवाळी संमेलन झालं. मला माझी कथा वाचायची होती. पाहुणे म्हणून नानांचे साहेब होते. ग्वाल्हेरचे, मराठी चांगलं समजतं. बदलीची दुसरी यादी अजून निघायची आहे. निघताना नाना एवढंच म्हणाले, की साहेब पहिल्या रांगेत बसणार आहेत. वाचू नकोस असं ते म्हणाले नाहीत.

विनायक खुर्चीपाशी येईपर्यंत मी नीट वाचलं. मग साहेब दिसले, त्यांच्यामागे नाना दिसले. मामा, मी अंक मिटला आणि तुमचा शेवट सांगितला. शिक्का नदीत फेकला, मुलं नाचवली. खूप टाळ्या पडल्या. देश को ऐसी ही बिटिया चाहिए, असं म्हणत साहेबांनी शाबासकी दिली. नानांचे डोळे भरून आले. मला तिथे उभं राहवेना.

शेजारची सुलू नववीत आहे. ती अंक मांडीवर उघडून, ओळीवर बोट ठेवून ऐकत होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, की ताई, खरा शेवट कोणता. मी म्हटलं, छापलाय तो. एरवी माझा हात धरून चालणारी मुलगी, घरापर्यंत रस्त्याच्या पलीकडून चालली.

तुम्हाला भित्रे ठरवलं, त्याची क्षमा मागते. हे वाचूनही लोभ उरला असेल तर दोन ओळी लिहा.

जयू