घंटेत रुमाल कोंबणाऱ्या विद्यार्थिनीची शिक्षा रद्द करणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
शिक्षण कार्यालय.

विषय : इयत्ता नववीच्या विद्यार्थिनीस दिलेली शिक्षा रद्द करणेबाबत, तसेच मला माझ्या दोन अतिरिक्त पदांपैकी एकावरून दूर करणेबाबत.

संदर्भ : १) शाळेच्या शिस्त समितीचा ठराव (खालची सही माझी आहे). २) आपली शाळेस भेट.

महोदय,

मी या शाळेत विज्ञान शिकवते. माझी पदवी पदार्थविज्ञानातली. प्रत्येक शाळेत समुपदेशक असावा असे परिपत्रक आले, तेव्हा सर्वांत लहान म्हणून ते काम माझ्याकडे आले. "मुलं तुमच्याशी बोलतात, तुम्हीच बघा," असे मुख्याध्यापक म्हणाले. शिस्त समितीचे सचिवपद माझ्याकडे आधीच होते, कारण माझे अक्षर बरे आहे. दोन्ही कामे एकाच खोलीत, एकाच टेबलावर चालतात. दाराला पाटीही एकच आहे. तिच्या एका बाजूस 'समुपदेशन कक्ष' आणि दुसऱ्या बाजूस 'शिस्त समिती' असे रंगवले आहे. शिपाईमामा वार पाहून ती उलटी करतात. यात काही गैर आहे असे मला तेव्हा वाटले नाही, हे प्रथम नमूद करते.

२. नववीची नवी तुकडी बसवण्यासाठी यंदा व्हरांड्याचे टोक प्लायवूड ठोकून बंद केले. व्हरांड्याच्या भिंतीवरची शाळेची एकुलती विजेची घंटा मात्र होती तिथेच राहिली, म्हणजे आता ती वर्गाच्या आत, शेवटच्या बाकाच्या डोक्यावर आहे. सदर विद्यार्थिनी त्या बाकावर बसते. जागा बदलून द्या, असे तिने वर्गशिक्षकांना अनेकदा विनवले. "घंटा काय तुझ्या एकटीसाठी वाजते का गं?" असे उत्तर मिळाले आणि वर्ग हसला.

३. आपल्या भेटीच्या दिवशी सकाळी तिने बाकावर चढून घंटेची वाटी आणि हातोडी यांच्या मध्ये आपला रुमाल कोंबला. त्या दिवशी सभागृहात 'भयमुक्त शाळा' या विषयावर आपले मार्गदर्शन होते. "घंटा झाली की मी थांबतो," असे आपण सुरुवातीलाच म्हणाला होता. घंटा झाली नाही. शिपाईमामा कार्यालयातून वेळेवर बटण दाबत होते. साहेबांना थांबा म्हणण्याची हिंमत आमच्यापैकी कोणाचीही झाली नाही. समितीच्या ठरावात या प्रकाराला 'मा. साहेबांच्या मार्गदर्शनात व्यत्यय' असे म्हटले आहे. मी विज्ञानाची असल्याने एवढी दुरुस्ती सुचवते, की त्या दिवशी मार्गदर्शनात व्यत्यय सोडून बाकी सर्व काही आले. दोन मुलांना भोवळसुद्धा आली.

४. रुमाल सापडला, पण कोणाचा ते कळेना. दुसऱ्या दिवशी दारावर 'समुपदेशन कक्ष' ही बाजू होती. विद्यार्थिनी आत आली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगू? तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" मी नाही म्हणाले. मग तिने सगळे सांगितले. घंटा वाजली की तिचे हात बधिर होतात, श्वास अडकतो आणि आपण इथेच मरणार असे वाटते. असे का होते, तेही तिने सांगितले.

५. त्यानंतरच्या दिवशी पाटी उलटली होती. समितीत मी, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक असे तिघे होतो. "मॅडम, तुमच्याकडे मुलं येतात. कुणाचं काम असावं?" असे मुख्याध्यापकांनी सहज विचारले. मला खोटे बोलता येत नाही, याचा मला आजवर अभिमान होता. मी नाव सांगितले. कारण विचारल्यावर कारणही सांगितले, आणि तेसुद्धा निरीक्षणे लिहावीत तसे क्रमाने. "घंटेला घाबरते म्हणे! उद्या फळ्याला घाबरेल," असे वर्गशिक्षक म्हणाले. मी हसले नाही. मान खाली घालून मी ठराव लिहीत होते, त्यात हे कारणही.

६. वर्षअखेरपर्यंत वर्गात बसण्यास मनाई, त्यानंतर शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यावर 'वर्तणूक : असमाधानकारक' असा ठराव झाला. ठरावाच्या शेवटी 'निर्णय समुपदेशकामार्फत विद्यार्थिनीस सौम्य शब्दांत कळवावा' असे वाक्य आहे. तेही माझ्याच अक्षरात आहे. त्यानुसार पाटी पुन्हा उलटवण्यात आली, तिला बोलावण्यात आले आणि मी सौम्य शब्दांत कळवले. ती रडली नाही. तिने पाटीकडे पाहिले आणि "बरं मॅडम" म्हणून निघून गेली.

७. यानंतर मी प्रयोगशाळेतील ध्वनिमापक घेऊन त्या बाकावर बसले. आकडे सोबत जोडले आहेत. एवढ्या आवाजाजवळ कारखान्यातील कामगारालाही कानांत बोळे घातल्याशिवाय उभे करत नाहीत. हे आकडे तिच्या बचावासाठी द्यावेत असे ठरवून मी अर्ज लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता पेन थांबले. तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला मला यंत्र लागले. तिला शिक्षा करायला मात्र तिचे सांगणेच पुरेसे ठरले होते. शिवाय घंटा मंद असती तरी तिचा श्वास अडकलाच असता, आणि तेव्हा माझ्या यंत्राने तिला खोटे ठरवले असते. म्हणून आकडे घंटा हलवण्यासाठी वापरावेत, तिच्या खरेपणासाठी नकोत, अशी विनंती आहे.

८. विद्यार्थिनी मावशीकडे राहते. मावशी शिवणकाम करतात. त्या शाळेत आल्या, भांडल्या नाहीत, खुर्चीवरही बसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी आता घरातपण तोंड उघडत नाही हो. विचारलं तर म्हणते, सांगून बघितलं एकदा."

९. ठराव या आठवड्यात आपल्या मंजुरीस येत आहे. तरी विनंती की,

(अ) तो मंजूर करू नये आणि तिला उद्यापासून वर्गात बसू द्यावे, दुसऱ्या बाकावर.

(आ) घंटा व्हरांड्याच्या उघड्या भागात हलवावी.

(इ) ज्याच्यापाशी मुले मन मोकळे करतात, त्याला शिक्षा देणाऱ्यांत बसवू नये. मला कोणत्या पदावरून काढावे हे आपण ठरवावे. समुपदेशक म्हणून राहण्याची माझी लायकी आहे की नाही, हे ठरवण्यात मात्र त्या विद्यार्थिनीचे मत घ्यावे.

(ई) तिला दिलेला शब्द मोडल्याबद्दल माझ्यावर योग्य ती कारवाई करावी. दाखल्यासारखा वर्तणुकीचा रकाना माझ्या सेवापुस्तकात असल्यास त्यात काय लिहायचे ते मला ठाऊक आहे.

१०. असे का होते, याचे तिने सांगितलेले कारण या अर्जात नाही. समितीच्या कागदांतील तो परिच्छेद वाचू नये, ही हात जोडून विनंती. सुनावणीत मला ते पुन्हा विचारले गेल्यास मी सांगणार नाही. हा आदेशभंग ठरत असल्यास तो आताच नोंदवून घ्यावा.

हा अर्ज पाठवण्यापूर्वी मी मावशींच्या घरी जाऊन तिला वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला. चौथ्या परिच्छेदातील दोन वाक्ये तिने पेन्सिलीने खोडली आणि माझ्याकडे पाहत राहिली. ती वाक्ये मी गाळली आहेत. बाकी मजकूर तिच्या संमतीने आहे.

आपली नम्र व खजील,

(सही)
विज्ञान शिक्षिका, तथा समुपदेशक, तथा सचिव, शिस्त समिती

दिनांक : ७ फेब्रुवारी

सोबत : १) ध्वनिमापनाचे आकडे. २) वर्गाचा व घंटेच्या जागेचा हाताने काढलेला नकाशा. ३) विद्यार्थिनीचे निवेदन जोडलेले नाही. ते मागितलेले नाही.