कड्यावरची पिल्लं

६ एप्रिल

धाकटे, कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? तेल चोळतेस, की बाटली नुसतीच कपाटातून तुझ्याकडे बघत असते? भाऊजींचा खोकला उतरला का? तुझ्या सासूबाईंना ऐकू येतं का आता, की अजून सोयीपुरतंच? आणि माझं पिल्लू? अभ्यासाच्या नादात जेवणखाण सोडलं नाही ना? तुझी लेक लग्नाला आली तरी मी तिला पिल्लूच म्हणणार. राग आला तर येऊ दे.

रोजनिशी लिहायची म्हणून वही आणली, पण कोऱ्या पानाशी काय बोलायचं ते सुचेना. म्हणून तुझ्याशीच बोलते. बस मंगळवारी आणि शनिवारी येते-जाते; दर शनिवारी पानं फाडून बसवाल्याच्या हाती देईन. तो खाली पेटीत टाकेल.

प्रवास झकास झाला. बसवाला मोठा बोलघेवडा. वर कशाला चाललात, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दगडावरची झाडं ओळखायला. तर म्हणतो कसा, "आजी, तुम्ही ओळखाल हो, पण ती थोडीच तुम्हाला ओळख देणार आहेत?" सगळी बस हसली. मीही हसले.

घर गावाच्या अगदी टोकाला, दगडी, आणि त्याच्या पाठीला चिकटूनच कडा. माझ्या खोलीत लोखंडी पलंग, टेबल आणि खिडकीभर ऊन. घरमालकीण उंच, शांत बाई. डोंगर चढायला येणाऱ्यांना ती खोल्या देते. कड्यावर उगवणाऱ्या मांसल पानांच्या प्रत्येक झाडाला नावाची पाटी लावायची तिला फार हौस. बागकामाच्या मासिकात मी वाचकांना उत्तरं देते, ती वाचून तिने मला बोलावलं. जन्मभर शिलाई मशीन चालवलेल्या बाईला चक्क तज्ज्ञ म्हणून बोलावणं!

पिल्लूची परीक्षा आटोपली की चोवीस तारखेच्या बसने तिला पाठव. आजारपणानंतर तिला अशी हवा हवीच होती.

७ एप्रिल

आज दिवसभर कड्यावर. ही झाडं म्हणजे कुणीतरी निवांत बसून केलेलं शिवणकाम आहे. एका जातीच्या पानाला काठाने झालर, एकीच्या टोकाटोकाला कोळिष्टकासारखा पांढरा दोरा, एक इतकी गुळगुळीत की जणू आत्ताच इस्त्री फिरवलीय. सगळ्यांचा घाट मात्र एकच, गुलाबाच्या फुलासारखा. नवखा माणूस तिथेच फसतो.

मी आधी पिल्लं बघते. आईझाडाच्या कुशीतून जी बाळझाडं फुटतात, त्यांना आम्ही बागवाले पिल्लं म्हणतो. कुणाची पिल्लं आईला बिलगून बसतात. कुणाची लांब दांड्यावर लोंबतात, सुटून गडगडत खाली येतात आणि जिथे अडकतील तिथे रुजतात. त्यानंतर चव. ही झाडं रात्री श्वास घेतात, म्हणून पान सकाळी आंबट लागतं आणि संध्याकाळी फिक्कं. अनोळखी पान तोंडात घालू नये हे मी मासिकात दर खेपेला लिहिते, आणि स्वतः मात्र घालते. दोरा ओवताना टोक तोंडात धरायची सवय, दुसरं काय.

९ एप्रिल

घरामागच्या कपारीत एक जात सापडली, ती काही केल्या ओळखू येईना. पान जाड, रंग आपल्या तळहाताचा. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि सावकाश भरून येतो. सकाळी चाखलं तर आंबट नाही, संध्याकाळी चाखलं तर फिक्कं नाही. दोन्ही वेळा खारट, आणि कोमट. दगड तर सावलीत होता, हाताला गार लागत होता. चाखता चाखता तुकडा गिळला गेला.

जेवताना घरमालकिणीला सांगितलं तर बाई एकदम खुलली. मी म्हटलं, फूल बघितल्याशिवाय मी नाव सांगत नसते. त्यावर ती म्हणाली, मागे पिल्लू असल्याशिवाय ते फुलतच नाही. यातली काही झाडं एकदाच फुलतात आणि मरतात, मागे पिल्लं उरतात, एवढं मलाही ठाऊक होतं. मग तिने विचारलं, तुम्हाला आहे का पिल्लू? मी हसून म्हटलं, पोटचं नाही, पण बहिणीची मुलगी आहे की, माझं पिल्लू, येतंय चोवीसला. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! मग किती उंच, अंगाने कशी, तिला ऊन मानवतं की सावली, सगळं विचारून घेतलं. खोलीची तयारी करायची असेल.

१० एप्रिल

शनिवार. आतापर्यंतची पानं बसवाल्याकडे दिली. पिल्लूला नक्की पाठव असं वर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

१२ एप्रिल

भूक पार गेली. अशक्तपणा मात्र नाही, उलट सकाळी खिडकीत उन्हात बसले की पोट तुडुंब भरल्यासारखं वाटतं. बोटं टम्म झालीत, अंगठी निघेना. कितीतरी वर्षांत इतकं निवांत वाटलं नव्हतं. कड्यावर जायचा कंटाळा केला.

दुपारी तांब्याभर पाणी मागितलं. घरमालकिणीने वाटीभरच आणलं. जास्त पाण्याने कुजायला होतं, म्हणाली. मला वाटलं, ती झाडांबद्दलच बोलतेय.

आत्ता सहज मनगट दाबून बघितलं. खळगा पडला. भरून यायला वेळ लागला.

१४ एप्रिल

माझ्याआधी इथे एक मास्तर झाडं ओळखायला आले होते, असं आज बोलता बोलता कळलं. ते कुठे गेले, विचारलं. घरमालकीण म्हणाली, कुठे जातायत, इथेच रमले.

पाय ओढत कपारीपर्यंत गेले. त्या अनोळखी झाडांचा पुंजका लांबून बघितला. पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन कुणी बसावं, तसा आकार आहे. जवळ गेले. पानांच्या मधून कापड दिसत होतं. जाड, रेघारेघांचं. कोटाची बाही. दुहेरी शिलाई, कफाला हाताने केलेलं काज. धाकटे, कापडात माझी चूक होत नाही. बाहीतून मुळं बाहेर आली होती. पांढरी. पाच. सांध्यासांध्यावर वाकलेली.

त्या खारट चवीने तोंड भरून आलं. ओकारी आली नाही. तोंडाला पाणी सुटलं.

१५ एप्रिल

निघायचं ठरवलं. सामान राहू दे इथेच. दारापर्यंत पोचले आणि गुडघे दुमडले ते उलगडेनात. दुखत नाही, हेच वाईट. घरमालकीण धावत आली, उचलून बाहेर उन्हात ठेवलं. बसवलं नाही. ठेवलं.

तिथे बाजूलाच तिने दगड कोरून जागा केलीय. बारीक वाळू, खडी, तळाला पाणी जायला भोक. पिल्लू लावताना मी करते तशीच. पण ही मोठी. ती बरोब्बर एका मुलीच्या मापाची आहे. मापं मीच सांगितली होती. किती उंच. अंगाने कशी.

मी ओरडले. ती गालांवरून हात फिरवत म्हणाली, पिल्लू आलं की तुम्ही फुलाल.

१६ एप्रिल

पानं पोलक्याच्या आत लपवते. तिला कळता कामा नये. उद्या बस जाईल. बसवाला चहाला इथे थांबतोच.

उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात काहीतरी फुटलंय. बारीक, गुलाबासारखं. पेन्सिल डाव्या हातात —

उन्हं गेली की भीती वाटते. तोवर वाटत नाही. म्हणून सावलीतच लिहायचं. सावलीतच —

१७ एप्रिल

बसचा भोंगा ऐकला. तो येतोय वर. माझ्याकडे बघून हसेल, आजी, डोंगर मानवला म्हणेल. म्हणू दे. पानं त्याच्याच हातात द्यायची.

धाकटे, पिल्लूला पाठवू नकोस. तिकीट फाडून टाक. रडली, भांडली, तरी सोडू नकोस. मी आधी काय लिहिलं ते विसर. मला न्यायलाही कुणी येऊ नका. न्यायला काही —

आतून सारखं वाटतंय, येऊ दे, येऊ दे. आवाज परका नाही गं. माझाच आहे. मायेचा आहे. तिला कुशीत घ्यावं, अगदी बिलगून —

नको.

मंगळवारच्या बसने उत्तर पाठव. ती घरीच आहे, एवढंच लिही. तिच्या हातचं लिहून पाठव. म्हणजे मी —

ऊन पायापर्यंत आलं. पाय दिसत नाहीत. लवकर लिही. छान ऊन आहे. जागा मऊ केलीय, वाळू चाळून घेतलीय, तिला बरं वाटेल —

नाही. हे मी नाही लिहिलं. खोडता येत —

लवकर लिही, धाकटे. निघाली नाही ना, ते लिही. वाट बघते. लवकर. निघाली का. कधी निघते ते —