मुंग्यांचा खडू

१० फेब्रुवारी, सोमवार

फवारणीवाल्याला आज दारातूनच परत पाठवला! मुलं डबे उघडून बसलेली आणि हा पाठीवर पंप अडकवून हजर. म्हणे, "पाच मिनिटांचं काम आहे, मॅडम. वास पण येत नाही." वास नाही म्हणजे विष नाही — काय शोध लावलाय!

नियम साधे आहेत. फवारणी सुट्टीच्या दिवशी, पालकांना आधी कळवून. औषध कुलपात. मीच टाइप करून ऑफिसबाहेर लावलेत. आमचे संचालक दत्तप्रसाद सर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कर्वेनगरात एवढ्या बालवाड्या आहेत. नियम आपल्यालाच का?" आता पुढची तारीख कधी मिळते, देव जाणे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुंग्या. लाल. आज परत मुलांना चावल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पाहते तर आमच्या मदतनीस मथुराबाई भिंतीच्या कडेनं रेघ ओढतायत. मुंग्यांचा खडू! "बाई, घरी बी ह्योच वापरते. पोरांना चावत्यात, बघवंना." त्यांचा मुलांवर जीव आहे, मान्य. पण हा दिसतो अगदी फळ्यावरच्या खडूसारखा! हातातून काढूनच घेतला. जरा जास्तच बोलले. तेवढ्यात वर्गात मारामारी जुंपली म्हणून तशीच धावले. मथुराबाईंनी रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या वर्गातली निकिता आयसीयूत आहे. काल संध्याकाळी घरी उलट्या, मग झटके. ओठ पांढरे, मुठीत खडूचा तुकडा. चार वर्षांची पोर! तिची आई शेफाली फोनवर एवढंच म्हणाली, "तुमच्याकडे नियम होते ना?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

सरांच्या खोलीत बैठक. मथुराबाई रडत एकच सांगत होत्या, "माझ्याकडं येकच खडू हुता. त्यो पूर्णिमाबाईंनी घेतला." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी तो कचऱ्यात टाकला. टाकलाच असणार — असल्या वस्तू मी ठेवते कधी? म्हणजे त्यांच्याकडे दुसरा होता. तोंडावर खोटं बोलतात याचा संताप आला, तसं सांगितलंही. दुपारी त्यांना कामावरून काढलं. जाण्याआधी मुलांचे पेले विसळून पालथे घालून गेल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

निकिता अजून बेशुद्ध.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. आज फवारणी झाली. अगदी नियमानुसार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निकिता शुद्धीवर आली! शेफालीचा फोन — हसत होती, रडत होती. "डोळे उघडल्या उघडल्या काय विचारलं माहितीये? 'पूर्णिमाबाईंनी मला शाबासकी म्हणून दिलेला खडू कुठाय?'"

आणि मग शेफाली बोलायचीच थांबली.