जावक क्रमांक ७४१

१४ मार्च, मंगळवार

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. माझे गुडघे जागेवर आहेत, जीभही. तुझ्या पथ्यपाण्याची चौकशी करत नाही. ते तुझी बायको बघते, आणि राज्यपाल असतानाही तिच्यापुढे तुझं काही चालत नव्हतं.

बारा वर्षांनी माझं अक्षर पाहून खुर्चीतून पडू नकोस. कारण रविवारचा पेपर. तुझ्या कारकिर्दीत म्हणे नातेवाइकांच्या चिठ्ठीवर मेडिकलचे प्रवेश व्हायचे! एका परिच्छेदात व्याकरणाच्या चार चुका, आणि पाचवी चूक म्हणजे तो परिच्छेदच. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी त्या गृहस्थाला बाकावर उभं केलं असतं.

त्याला काय ठाऊक? दयेचा प्रत्येक अर्ज तू कैद्याच्या मूळ अक्षरात मागवून वाचायचास, टाइप केलेल्या सारांशावर भागवायचा नाहीस. एकमताने मंजूर झालेलं विधेयक तू सात पानी टिपण जोडून परत पाठवलंस, तेव्हा मंत्री म्हणाले, "शोभेची बाहुली बोलायला लागली." सहा महिन्यांनी तेच विधेयक मुकाट दुरुस्त होऊन आलं. आणि तुझी ती गुरुवारची भेट! मंत्र्याचा मेहुणा असो की माळ्याची आई, ज्या क्रमाने आला त्या क्रमाने आत.

ती रांग बाबांची. आपण तिकिटं आणायला गेलो की पोस्टमास्तर खिडकीतून स्वतःच्याच पोरांना विचारायचे, "रांग कुठून सुरू होते ते दिसत नाही का?" तू भोकाड पसरायचास आणि नाक मी पुसायचे.

लेक मजेत आहे. फिजिओथेरपीत नाव काढलंय. माझ्या गुडघ्यांवर लहानपणचा सगळा सूड उगवते. रविवारी पेपर वाचून म्हणाली, "आई, ते पत्र आहे ना तुझ्याकडे?"

"कुठलं पत्र?"

"चष्मा पुसू नकोस. खोटं बोलताना तू चष्मा पुसतेस."

बरं, लिहिते. बारा वर्षांपूर्वी तिला मेडिकलला तीन गुण कमी पडले. तू विद्यापीठाचा कुलपती. ती नको नको म्हणत असताना मी तुला पत्र टाकलं, "मामाने एवढं बघावं" म्हणून. तेही शाळेच्या लेटरहेडवर! तीस वर्षं मुलींना कॉपी करू नका म्हणून दटावणारी मी, मुख्याध्यापिका.

तुझ्याकडे सख्ख्या बहिणीचं पत्रसुद्धा आवक वहीत चढायचं आणि उत्तर कार्यालयातून जायचं. आठव्या दिवशी आलं. 'महोदया, प्रवेश गुणवत्ता यादीनुसारच होतात. आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.' जावक क्रमांक ७४१, खाली तुझी सही. महोदया! नाक पुसणारीला!

त्याच टपालाने दुसरं पाकीट आलं होतं. साधं, पत्ता तुझ्या अक्षरात, तिकीट तू स्वतः चिकटवलेलं. ते मी न फोडता परत पाठवलं. हे लेकीलाही सांगितलेलं नाही.

पण ७४१ फाडलं नाही. बाबांच्या फोटोमागे ठेवलं. का ठेवलं, ते मला रविवारी कळलं. लोक भिंतीवर मानपत्रं लावतात. आपल्या घरात एवढं एकच मानपत्र आलं, आणि मी ते बारा वर्षं भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

काल पेपरच्या कचेरीत जाऊन दोन्ही कागद टेबलावर ठेवले, माझ्या अर्जाची प्रत आणि तुझं उत्तर. संपादक चपापले. "बाई, हे छापलं तर तुमचंच नाव खराब होईल."

"नाव माझं, खराब करायचा हक्कही माझा. तुम्ही शुद्धलेखन तेवढं सांभाळा."

गुरुवारी छापून येईल. जुन्या विद्यार्थिनी वाचतील. वाचू देत. मला थांबवायला फोन करू नकोस. तू स्वतःसाठी कधी तोंड उघडणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि या रांगेत तुझ्या आधी मी उभी आहे.

ते पाकीट तू टाकून दिलं नसशील. कागद टाकणं तुझ्या हातून होत नाही. तेच पाठव, जसंच्या तसं, घरच्या पत्त्यावर. या वेळी फोडीन.

तुझीच,
महोदया