मागच्या दाराचे सील

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, नगर कार्यालयाच्या सील विभागातून निवृत्त, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. गुडघे सोडले तर प्रकृतीची तक्रार नाही. माझा देवावर विश्वास आहे आणि राज्याचा कायदा मी मानतो. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. दबाव आणायला आधी कोणीतरी घरी यावे लागते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, माझ्या पुतणीला द्याव्यात. ती थोरल्या भावाची मुलगी, परगावी शाळेत शिकवते. मला मूलबाळ नाही. वाढदिवसाला पत्र पाठवणारी ती एकटीच. स्वयंपाकघराची खिडकी ढकलून उघडत नाही, आधी थोडी उचलावी लागते. हे तिला वेळीच सांगावे, नाहीतर पहिल्याच दिवशी काच जाईल.

२. माझा थोरला भाऊ, आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक, याला मी काहीही देत नाही. घर नाही, पुस्तक नाही, बाबांचे घड्याळसुद्धा नाही. ते पुतणीला. हे विसरून राहिलेले नाही. विचार करून लिहिले आहे. कारण सातव्या कलमात.

३. बायकोचे शिलाई मशीन. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिकाबाई या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्राने काही दिले तर ते देणे रद्द ठरते. म्हणून मशीन मी जिवंतपणीच, मंगळवारी, खाली पोचवले. बाईंनी लगेच वहीत लिहिले, "मशीन मिळालं, चार वाजून दहा मिनिटं." वॉर्डातली सवय त्यांना सुटलेली नाही. त्या दूधवाल्याचीही वेळ लिहितात.

४. माझी अवजारे. स्पिरिटचा दिवा, कात्री, फितीचे रीळ, लाखेच्या उरलेल्या कांड्या. हे सर्व समोरच्या पुस्तकबांधणीवाल्याला द्यावे. पितळी शिक्का मी निवृत्तीच्या दिवशीच जमा केला असून त्याची पोच कपाटात वरच्या खणात आहे.

सीलचे काम लोकांना वाटते तितके सोपे नाही. आधी आत फिरून कोणी माणूस, मांजर, पेटता दिवा राहिलेला नाही ना हे पाहायचे. मग दाराच्या फटीवर फीत, फितीवर लाख, लाखेवर शिक्का. आणि सील फोडायचे ते ज्याने लावले त्यानेच, लेखी हुकूम हातात पडल्यावर. चौतीस वर्षांत मी हा नियम मोडला नाही. बायको म्हणायची, "तुम्ही स्वर्गाच्या दारातही लेखी हुकूम मागाल आणि बाहेरच राहाल." आमच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांनाही तिने हे सांगितले होते.

५. माझी नवी काळी छत्री आमच्या प्रार्थनागृहाच्या घंटावाल्याला द्यावी. मला 'शिक्का' हे नाव त्यानेच पाडले, आणि एकोणीस वर्षे मी दिसलो की तो रस्ता ओलांडतो. तरी छत्री त्यालाच. याचे कारण सांगायचे तर सगळेच सांगावे लागेल.

एकोणीस वर्षांपूर्वी प्रार्थनागृहाचे छप्पर धोकादायक आहे म्हणून ते बंद करण्याचा हुकूम निघाला. छपराला काही झालेले नव्हते. शेजारच्या गोदामवाल्याला ती जागा हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होते, मलाही होते. पण हुकूम रीतसर होता आणि तो माझ्याच टेबलावर आला. त्याच वर्षी भावाने उपदेश केला होता की सत्तेवर बसलेले देवाच्या परवानगीने बसलेले असतात, त्यांच्या अधीन राहावे. तो उपदेश मी वहीत उतरवून घेतला होता. शनिवारी सकाळी मी पुढचे दार सील केले, मग बाजूचे. मागे केर काढायला एक बुटके दार आहे, घंटावाला वाकून जातो तेवढे. तो मला म्हणाला, "हे राहू द्या ना. हे दार कुणाच्या लक्षात आहे?" माझ्या लक्षात होते. हुकुमात 'सर्व दारे' लिहिले होते. मी गुडघ्यावर बसून तेही सील केले.

भाऊ अंगणात उभा होता. मी म्हणालो, "दादा, तूच शिकवलंस." तो म्हणाला, "अधीन राहा म्हणालो होतो. डोळे मिटून घे म्हणालो नव्हतो." त्यानंतर मंडळी मैदानात भरू लागली. मी आणि बायको दोघेही जायचो आणि शेवटच्या रांगेत बसायचो. भाऊ माझ्याशी कामापुरते बोलायचा, पण बोलायचा.

दीड वर्षाने बायको गेली. प्रार्थनागृहातली फुले अकरा वर्षे तिने लावली होती. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "मला तिथूनच न्या हं." मी हो म्हणालो. तासाभरासाठी सील काढण्याच्या परवानगीचा अर्ज मी स्वतः लिहिला, पण अधिकारी रजेवर होते. दोन दिवस थांबलो. त्यापुढे तिला ठेवणे शक्य नव्हते. तिला घेऊन सगळे दारापर्यंत आले आणि भाऊ म्हणाला, "बाजूला हो. मी फोडतो. माझ्या नावावर घाल." मी बाजूला झालो नाही. बायकोच्या शवपेटीकडे तोंड आणि दाराला पाठ करून मी तसाच उभा राहिलो.

तिला रस्त्यावर दोन बाकांवर ठेवून प्रार्थना झाली. दुपारचे ऊन होते. घंटावाल्याने शेवटपर्यंत तिच्या तोंडावर छत्री धरली. ते मला सुचले नव्हते. त्याचे आभार मी मानले नाहीत. ते इथे मानतो.

परवानगी आठव्या दिवशी आली, सही-शिक्क्यानिशी. तो कागद पोचपावतीच्या खाली आहे. तो फाडून टाकावा. मला जमलेले नाही.

चार वर्षांनी हुकूम रद्द झाला. तिन्ही सीले मीच फोडली. मंडळी गात आत गेली. कोणीतरी हाक मारेल म्हणून मी पायरीवर जरा थांबलो, मग लाखेचे तुकडे गोळा करून कार्यालयात गेलो. बायकोला नेले त्या दिवसापासून भाऊ माझ्याशी बोललेला नाही. रविवारी गाणे इथपर्यंत ऐकू येते. खिडकीशी बसून मीही म्हणतो, हलक्या आवाजात.

मी चुकलो असे लिहायला बसलो की हात थांबतो. बरोबर होतो असेही लिहवत नाही. देवासमोर काय ते होईल. तिच्यासमोर काय तोंड दाखवू, हा प्रश्न मोठा आहे.

६. मला प्रार्थनागृहात नेऊ नये. तिच्यासारखेच बाहेर रस्त्यावर, दोन बाकांवर ठेवावे. ऊन असेल तर असू द्यावे. छत्री धरू नये. पुरणे तिच्या शेजारी. खर्च भागून जी रक्कम शिल्लक राहील ती मंडळीला, मागचे दार मोठे करण्यासाठी. पावती घेऊ नये.

७. आता भावाबद्दल. दादा, जिवंतपणी मी तुला काही द्यायला गेलो ते तू दोनदा परत पाठवलेस. बोलावले तर तू आला नाहीस. पण मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला दिलेले रद्द ठरते. म्हणून तुला काही दिले नाही. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. मी सही करताना त्याने फक्त समोर बसायचे असते. तेवढेच मला हवे आहे. गुरुवारी सकाळी दहाला हजर राहावे, अशी चिठ्ठी तुला पाठवली आहे. ती नोटिशीसारखी झाली, पण मला दुसरे लिहिता येत नाही.

दुसऱ्या कोणाला मी साक्षीला बोलावणार नाही. तू आला नाहीस तर हा कागद रद्दी, आणि कायद्याने सगळे तुलाच मिळेल, कारण कायद्याने तुझ्याइतके जवळचे मला दुसरे कोणी नाही. आलास तर काहीच मिळणार नाही. यात नुकसान तुझेच आहे. तरी ये.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला असून तो मला मान्य आहे.

स्थळ: माझ्या घरातील पुढची खोली
दिनांक: अकरा मार्च, गुरुवार

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार एक: (सही) निवृत्त परिचारिका, खालचा मजला
साक्षीदार दोन: (सही) मृत्युपत्र करणाऱ्याचा थोरला भाऊ

साक्षीदार एक यांच्या हस्ताक्षरातील नोंद: पाळक आले, नऊ पन्नास. मजकूर वाचायला मागितला नाही. तिघांच्या सह्या एकमेकांसमोर झाल्या, दहा वाजून पाच मिनिटे. मी खाली गेले, दहा दहा. चष्मा विसरला म्हणून परत वर आले, बारा वीस. पाळक अजून बसलेले होते.